नऊची चिठ्ठी

सुरेखाच्या थाळीत उणीव होती ती फक्त बोरांची. ती या देशात कुठून आणणार? बाकी भोगीची भाजी जशी व्हायला हवी तशीच झाली होती. हरभऱ्याचे दाणे फ्रोझनमधले होते खरे, पण पावटे, गाजर, वांगी, वरून तीळ-शेंगदाण्याचं कूट, सगळं जिथल्या तिथे. सोबत तीळ थापलेली बाजरीची भाकरी, तिच्यावर लोण्याचा गोळा, मुगाची खिचडी आणि एक गूळपोळी. किंमत नऊ युरो. "आपल्या लोकांना नऊ जड जातील गं, सात ठेव," असं मंजूषानं तिला चारदा सांगून पाहिलं होतं. मंजूषा पेठे म्हणजे मराठी मंडळाची सेक्रेटरी आणि सुरेखाची इथली सगळ्यात जुनी मैत्रीण. आता आपले लोक म्हणजे कोण? तर दर सुट्टीत स्पेन नाहीतर ग्रीस गाठणारे आणि विमानतळावर पाणचट कॉफीला सहा युरो निमूट मोजणारे. भाकरी दिसली की मात्र त्यांना आईच्या हातची आठवते, आणि आईनं कधी पैसे घेतलेले नसतात. सुरेखानं लेकीकडून फळ्यावर भलामोठा 9 लिहून घेतला आणि वाद मिटवला.

नऊवर अडून बसायला तिच्याकडे कारण होतं. तेरा वर्षांपूर्वी ती नवऱ्याच्या, प्रकाशच्या मागोमाग हूफडॉर्प या डच गावी आली, तेव्हा तिच्या कागदांवर ती कोणाची बायको आहे एवढंच लिहिलेलं होतं. पुण्यात औषधांच्या कंपनीत, लॅबमध्ये आठ माणसांवर देखरेख करणारी बाई ती. इथे आल्यावर आधी तीन वर्षांची सानिका, मग घर, मग डबे. डबे मात्र चांगले चालले. इतके, की स्टेशनजवळच्या एका ऑफिसनं दर बुधवारी जेवण देशील का म्हणून विचारलं. अट एकच: घरच्या ओट्यावर केलेलं चालणार नाही, परवान्याचं स्वयंपाकघर हवं. तसं स्वयंपाकघर सुरेखानं हुडकूनही काढलं होतं. जुन्या शाळेची इमारत, मोठ्या शेगड्या, स्टीलचे लांबलचक ओटे, आठवड्यातून दोन दिवस भाड्यानं. डिपॉझिट सहाशे युरो, येत्या शुक्रवारपर्यंत.

प्रकाशनं सरळ नाही म्हटलं नव्हतं. तो सरळ काहीच म्हणत नाही.

"घराचा हप्ता चालू आहे, सुरेखा," तो म्हणाला होता. "ऑफिसात रिऑर्ग सुरू आहे, माणसं कमी करतायत. तू मेळाव्यातून डिपॉझिट काढून दाखव, घे ते किचन. नाही निघालं तर विषय बंद. मग एअरपोर्टवरचा तो जॉब घ्यायचा, कुरकुर न करता."

एअरपोर्टवरचा जॉब म्हणजे पहाटे उठून विमानात चढणाऱ्या सँडविचेसचे ट्रे भरायचे. सुरेखा तेव्हा हसली होती. ऐंशी थाळ्या, नऊ युरोला एक, आणि सामान तिनं डब्यांच्या पैशांतून आधीच भरलेलं. यात न निघण्यासारखं होतं काय?

शनिवारी मंडळाचा संक्रांत मेळावा. सकाळी हॉलमध्ये पताका लागल्या, स्टॉल लागले, काळ्या साड्या नेसलेल्या बायकांचे फोटो सुरू झाले, आणि नेमकी तेव्हाच पिनची, म्हणजे कार्डानं पैसे घ्यायची मशिनं मेली. एखाद्या स्टॉलचं नव्हे, सगळ्यांची. बाहेर सुपरमार्केटातही तीच रड. कुठल्याशा मोठ्या सिस्टिमनं मान टाकली होती. कार्डं बंद, फोनवरून पैसे पाठवणं बंद. आणि रोख? रोख इथे बाळगतंय कोण! हॉलमधल्या सगळ्यांनी खिसे उलटे केले तेव्हा पार्किंगसाठी ठेवलेली थोडी नाणी निघाली, आणि कोणाच्या तरी पाकिटात शुभ म्हणून जपलेली एक रुपयाची जुनी नोट.

मंडळाचे अध्यक्ष शैलेंद्र कारखानीस यांना असे प्रसंग मनापासून आवडतात. माणसाच्या हाती माइक यावा आणि तेवढ्यात संकटही यावं, याहून भाग्य ते कुठलं? ते स्टेजवर चढले.

"मंडळी, घाबरू नका! एकोणीसशे चौदा साली युद्ध सुरू झालं, तेव्हा याच देशात लोकांनी चांदीची नाणी घरात दडवून ठेवली. बाजारात सुट्टे नाहीत. मग इथल्या गेमेंटेंनी काय केलं? गावोगावच्या नगरपालिकांनी आपापल्या कागदी नोटा काढल्या. नोडखेल्ट! अडचणीच्या काळातला पैसा. एवढी एवढीशी गावं, खाली गावच्या कारभाऱ्याची सही, झाली नोट. आज आपलं मंडळ म्हणजे एक गाव आहे. आपणही आपली नोट काढू, आणि ती मराठीत असेल!"

टाळ्या पडल्या. मराठीत म्हटल्यावर पडणारच.

खजिनदार निहार लॅपटॉप उघडून बसला. इंजिनिअरांच्या गावात नोट काढायला कितीसा वेळ लागणार? मेळाव्याला नाव नोंदवलेल्यांची यादी होतीच. त्यानं तीवरून कुटुंबागणिक एकेक ताव छापला. तावावर वीस चिठ्ठ्या. प्रत्येक चिठ्ठीच्या मधोमध ठसठशीत १, खाली त्या कुटुंबाचं आडनाव आणि कोपऱ्यात शैलेंद्र कारखानिसांची सही. एक चिठ्ठी म्हणजे एक युरो. पैसे सुरू झाले की ज्यानं जेवढ्या चिठ्ठ्या खर्चल्या तेवढे मंडळाच्या खात्यात भरायचे, आणि स्टॉलवाल्यांनी जमलेल्या चिठ्ठ्या मंडळाला देऊन पैसे घ्यायचे. "त्या काळी नोटेमागे चांदी होती," कारखानीस म्हणाले, "आपल्या नोटेमागे आपला एकमेकांवरचा विश्वास आहे." पुन्हा टाळ्या.

सुरेखानं हे सगळं हॉलमागच्या स्वयंपाकघरातून, पिठाच्या हातांनी ऐकलं. सानिका तेव्हा गाडीतून खोकी आणत होती. सानिका आता सोळाची. एरवी शनिवारी ती सुपरमार्केटात कॅशवर असते. आज आईसाठी सुट्टी टाकून आली होती. भाकऱ्या गरमच वाढायच्या असं सुरेखानं ठरवलं होतं, तेव्हा ती आत तव्यापाशी राहणार आणि लेक बाहेर स्टॉल बघणार, असं ठरलं होतं. दिवसभर अनोळखी लोकांचे पैसे घेणारी पोर, तिला काय शिकवायचं?

"सानू, पिन बंद आहे. लोक चिठ्ठ्या देतील. त्या या डब्यात टाकायच्या."

"ओके," सानिका म्हणाली आणि डबा घेऊन गेली.

एका चिठ्ठीचा एक युरो, हे सुरेखानं सांगितलं नाही. त्यात सांगायचं काय? चिठ्ठीवर लिहिलेलंच होतं.

आधी तुरळक माणसं आली. मग बाहेरून सानिकाची हाक आली, "आई, तीन!" मग "आई, आणखी पाच!" सुरेखानं भाकरी उलटता उलटता दारातून डोकावून बघितलं तर रांग. तिच्या स्टॉलपुढे, पार पताकांच्या टोकापर्यंत. शेजारच्या वडापाववाल्या बाई हाताची घडी घालून बघत उभ्या होत्या. मिसळवाल्यांकडेही शुकशुकाट. लोक थाळी घेऊन जात होते, खाऊन परत रांगेत येत होते, येताना आणखी चौघांना घेऊन येत होते. सुरेखाच्या हातांना पंख फुटले. खांदे दुखत होते, तव्याच्या वाफेनं चेहरा भाजत होता, आणि तिला वाटत होतं, हे असंच रोज असावं.

राजन देवस्थळी तर थाळी हातात घेऊन थेट स्वयंपाकघराच्या दारात आले. हे प्रकाशचे साहेब. एरवी कार्यक्रमाला आले तर नमस्कारालाही पुरता हात जोडत नाहीत.

"वहिनी, मानलं तुम्हाला," ते म्हणाले. "दुसऱ्यांदा घेतोय. नऊ काय, वीस युरो ठेवले असतेत तरी घेतली असती."

"घ्या ना आणखी," सुरेखा म्हणाली.

मंजूषानं घरच्यांसाठी थाळ्या बांधून नेल्या. स्टेजवरून शैलेंद्र कारखानीस म्हणाले, "सुरेखाताईंच्या स्टॉलची रांग बघा मंडळी, याला म्हणतात मराठी चव!" दुपार कलायच्या आत थाळ्या संपल्या. प्रकाश आत आला, रिकामी पातेली बघितली आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "काढलंस की गं डिपॉझिट." सुरेखा खोक्यावर बसली आणि पदरानं तोंड पुसायच्या निमित्तानं थोडी रडली. या देशात आल्यापासून तिला इतका आनंद झाला नव्हता.

घरी येऊन चहा झाल्यावर तिनं जेवणाच्या टेबलावर डबा उपडा केला. चिठ्ठ्यांचा ढीग व्हायला हवा होता. झाली ती बचकभर.

"सानू, बाकीच्या कुठायत?"

"बाकीच्या कुठल्या?" सानिकानं फोनवरून मान वर केली. "दॅट्स ऑल. एटी थाळ्या, एटी चिठ्ठ्या."

"एका थाळीला एकच चिठ्ठी?"

"हो. नाइन युरोची थाळी, नाइन युरोची चिठ्ठी." सानिका उठून आली, तिनं एक चिठ्ठी उचलली आणि मधोमध बोट ठेवलं. "लुक. नाइन."

सुरेखानं बघितलं. वर गोल डोकं, खाली लोंबणारी शेपूट. जन्मभर एक म्हणून वाचलेला आकडा लेकीच्या बोटाखाली चक्क नऊ होऊन बसला होता. सानिका मराठी बोलते, म्हणजे समजते सगळं, उत्तरं अर्धी देते. पण वाचायला ती कधी शिकलीच नाही. रविवारच्या मराठी शाळेच्या वेळेला पोहण्याच्या स्पर्धा यायच्या, आणि पोहणं जिंकलं. यात कोणाला काही वावगं वाटलं नव्हतं. आजूबाजूच्या निम्म्या मुलांचं असंच होतं.

"अगं, हा एक आहे," सुरेखा म्हणाली. "मराठीतला एक."

सानिकाचा चेहरा पांढरा पडला. "नो. नो, आई. पण ते... लोक देत होते ना. नऊ-नऊ काढून देत होते. मी म्हटलं, नो नो, वन इज इनफ, आणि आठ परत दिल्या. एका अंकलनी विचारलंपण, आर यू शुअर? मी म्हटलं, या होर, हो, नक्की."

"मग?"

"मग ते थँक यू म्हणाले. आणि नंतर फ्रेंड्सना घेऊन आले."

प्रकाशही उठून टेबलापाशी आला. सानिकानं दोघांच्या तोंडाकडे बघितलं आणि विचारलं, "पण त्यांना तर वाचता येतं ना?"

येतं की. चांगलं येतं. सुरेखानं चिठ्ठ्या आडनावांप्रमाणे लावायला घेतल्या. पेठे, चार. तिची मंजूषा. देवस्थळी, सहा. वीसही दिले असते म्हणणारे देवस्थळी. कारखानीस, पाच, पाचही चिठ्ठ्यांवर खाली त्यांचंच आडनाव आणि कोपऱ्यात त्यांचीच सही. ज्यांच्या घरच्या बारशाला ती जेवायला वाढायला उभी राहिली होती, ज्यांच्या पोरांना तिनं तापात सांभाळलं होतं, ज्यांना करोनात दाराशी डबे ठेवून आली होती, ते सगळे तिच्या टेबलावर ओळीनं येऊन बसले. आणि ती रांग! ती रांग तिच्या भाकरीची नव्हतीच. सुरेखाला सगळ्यात जास्त लागलं ते हे. पैसे बुडाले ते एक, पण दुपारभर ज्या गोष्टीनं तिचा ऊर भरून आला होता तीच खोटी निघाली. आठ युरो वाचवायला मिळाले असते तर हे लोक कढीपत्त्याच्या काड्यांसाठीही रांगेत उभे राहिले असते.

"देवस्थळी... सहा?" प्रकाश म्हणाला, आणि त्यानं त्या सहा चिठ्ठ्या पुन्हा मोजल्या.

सोमवारी संध्याकाळी सुरेखा कारखानिसांच्या घरी गेली. पिन केव्हाच सुरू झालं होतं. मंजूषा तिथेच होती, मेळाव्याचं सगळं आवरून झाल्यावरचा चहा चालला होता. सुरेखानं घडलेलं सगळं सांगितलं. शैलेंद्र कारखानिसांनी शांतपणे ऐकून घेतलं. ते ऐकून घेतात छान.

"वाईट झालं," ते म्हणाले. "पण चिठ्ठीवर काय आहे? एक. मंडळ चिठ्ठीमागे एकच युरो देऊ शकतं. त्या काळातही गेमेंटे कागदावरच्या आकड्याला बांधलेली असायची. कोणी तो कसा वाचला, त्याला नाही."

"दादा, पाच थाळ्या तुमच्याकडेही आल्यात."

"घरी पाहुणे होते गं. आणि सानिकानंच दिल्या ना? आम्हाला वाटलं, नवीन बिझनेस आहे, लाँच ऑफर असेल."

"फळ्यावर नऊ लिहिलं होतं. तुम्ही मोजून नऊ दिल्या होत्यात. तिनं आठ परत केल्या."

"तेच म्हणतोय मी. परत केल्या म्हणजे ऑफरच, नाही का?"

सुरेखानं मंजूषाकडे बघितलं. मंजूषा कपातल्या चहाकडे बघत होती. मान वर न करताच ती म्हणाली, "मी तुला म्हटलं होतं, सात ठेव."

ही तिची सगळ्यात जुनी मैत्रीण! सुरेखानं ऐंशी युरो घेतले, आणि शैलेंद्रदादांच्या सांगण्यावरून घरी येऊन मंडळाच्या ग्रुपवर मेसेज लिहिला. कोणाचं मन दुखावणार नाही असा, तीनदा खोडून लिहिलेला. माझ्या मुलीकडून नजरचुकीनं असं असं झालं, ज्यांना शक्य असेल त्यांनी उरलेली रक्कम पाठवावी, सर्वांना संक्रांतीच्या शुभेच्छा. ज्यांनी तिला लुटलं त्यांनाच तिनं विनंती केली, आणि वर शुभेच्छाही दिल्या.

पहिल्यांदा हात जोडल्याची चित्रं आली. मग कोणीतरी लिहिलं, "आम्ही मागितले तेवढे दिले." दुसऱ्यानं लिहिलं, "थाळी अप्रतिम होती हं, पण हे मेळाव्याच्या दिवशीच क्लिअर करायला हवं होतं." बेस्ट नावाच्या गावाहून पाहुणे म्हणून आलेल्या एका नव्या जोडप्यानं मात्र कोणाला न सांगता सोळा युरो पाठवले. त्यांना या देशात येऊन चार महिने झाले होते, राहायला अजून धड घर नव्हतं, आणि नियम माहीत नसल्याबद्दल त्यांनीच माफी मागितली होती. आणखी एकदोघांनी पाठवले. तेवढंच.

मग राजन देवस्थळींचा मेसेज आला, लांबलचक, शुद्ध मराठीत. "झालेल्या प्रकाराबद्दल वाईट वाटतं. पण यातून आपण सर्वांनी धडा घ्यायला हवा. आपण परदेशात राहून मुलांना साधे मराठी आकडेही शिकवत नसू, तर भाषा टिकणार कशी? पालकांनीच आपल्या मुलांना वेळीच मराठी शिकवली असती तर ही वेळच आली नसती."

त्याखाली अंगठे उमटू लागले. एक, चार, दहा. अंगठ्यांची रांगच लागली. कारखानीस. पेठे.

सुरेखाचं डोकं फिरलं. तिनं चिठ्ठ्यांचे मंडळाला देण्याआधी काढलेले फोटो उघडले. आडनावांच्या ओळी तिनं त्या संध्याकाळी टेबलावर लावल्या होत्या तशाच त्यात दिसत होत्या, एकेक नाव वाचता येईल इतक्या स्वच्छ. तिनं तो फोटो ग्रुपवर निवडला, खाली लिहिलं, "मराठी वाचता येणाऱ्यांची नावं," आणि पाठवायच्या बाणावर अंगठा नेला.

"नको," प्रकाश म्हणाला. तो मागे उभा राहून बघत होता.

"का नको? खोटं आहे एक अक्षर तरी?"

"खोटं नाहीये. पण राजन नव्या टीमची लिस्ट करतोय. या आठवड्यात. मला ठेवायचं की नाही हे तो ठरवणार आहे, सुरेखा."

"आणि तो माझ्या पोरीला चारशे लोकांत अक्कल शिकवतो त्याचं काय? सहा थाळ्या गिळल्यात त्यानं तिच्या हातून!"

"माहितीये मला."

"माहितीये तर बोल ना त्याला!"

त्यानं खुर्ची ओढली, तिच्यासमोर बसला आणि हात जोडावेत तसे हात टेबलावर ठेवले. "घर जाईल आपलं," तो म्हणाला. "सणाचे दिवस आहेत. गोड बोल. सोडून दे ना."

सुरेखाला त्याची कीव आली आणि त्याहून जास्त राग आला. सगळ्यात जास्त राग आला तो स्वतःचा, कारण त्याचं म्हणणं तिला पटत होतं. तिनं फोटो पुसला. मग राजन देवस्थळींच्या मेसेजला काहीतरी उत्तर द्यायलाच हवं, नाहीतर राग आला असं वाटेल, असं प्रकाश म्हणाला, म्हणून तिनं लिहिलं, "बरोबर आहे सर, आमचीच चूक." आणि फोन ड्रॉवरमध्ये टाकला.

पुढचे तीन दिवस घरात भांड्यांचाच काय तो आवाज होता. प्रकाश ऑफिसातून येऊन मुद्दाम बरं बोलायचा. गुरुवारी त्याचं नाव यादीत आल्याचं कळलं, तेव्हा तो पेढे आणू का म्हणाला, आणि तिच्या तोंडाकडे बघून जिना चढून वर गेला. डिपॉझिट आपण भरू असं मात्र तो म्हणाला नाही. विषय बंद म्हणजे बंद.

शुक्रवारी दुपारी सुरेखानं शाळेच्या इमारतीतल्या बाईंना फोन केला आणि आपल्या मोडक्यातोडक्या डचमध्ये सांगितलं, की स्वयंपाकघर नको. बाई चांगल्या होत्या. "काही अडचण आहे का? एक आठवडा थांबू का?" असं त्यांनी विचारलं. सुरेखा नको म्हणाली. एक आठवड्यानं काय बदलणार होतं? मग तिनं स्टेशनजवळच्या ऑफिसला कळवलं, आणि एअरपोर्टवरच्या जॉबसाठी मुलाखतीची वेळ घेतली.

फोन ठेवते तोच सानिका शाळेतून आली. सायकल शेडमध्ये ढकलल्याचा आवाज, मग जिन्याशी बूट, मग ती थेट स्वयंपाकघरात. तिच्या हातात वहीचं एक पान होतं.

"आई, चेक कर ना."

पानावर १ ते ९ लिहिलेले होते. एकदा नव्हे, ओळींवर ओळी. पहिल्या ओळीतले आकडे वाकडेतिकडे, शेवटच्या ओळीतले देखणे. नवाचं वळण जरा जास्तच जपून काढलेलं.

"नेटवरून शिकले," सानिका म्हणाली. "ब्रेकमध्ये. आता अक्षरं शिकव मला. पुढच्या मेळाव्याला मी नाही चुकणार. आणि मग ग्रुपवर लोकांनी काय लिहिलंय तेपण वाचता येईल. बाबा म्हणाले, एव्हरीवन वॉज व्हेरी सॉरी."

सुरेखानं पान हातात घेतलं. या मुलीनं आपण होऊन मराठी शिकव म्हणावं, याची तिनं दहा वर्षं वाट बघितली होती. आणि आता तिच्या डोळ्यांपुढे ड्रॉवरमधला तो फोन आला. अक्षरं आली की ही पोर सगळ्यात आधी काय वाचणार? राजन देवस्थळींचं प्रवचन वाचणार, त्याखालचे अंगठे मोजणार, आणि सगळ्यांत शेवटी आपल्या आईनं लिहिलेलं वाचणार: आमचीच चूक.

"कशाला शिकायचंय?" ती म्हणाली. "तुझं काही अडतंय का? परीक्षा आहेत ना पुढच्या महिन्यात?"

"पण मेळावा..."

"मेळावा नाही आता. किचन नाही घेत आहोत आपण. मी कळवून टाकलं."

सानिका तशीच उभी राहिली. दप्तराचा पट्टा अजून तिच्या मनगटाला गुंडाळलेला होता.

"बिकॉज ऑफ मी?" तिनं विचारलं.

"नाही गं."

"मग कोणामुळे?"

सुरेखाला उत्तर तोंडपाठ होतं, आडनावांसकट. एकेक नाव, आणि पुढे किती थाळ्या तेही. पण नावं सांगितली तर पोर उद्या उठून विचारणार, की मग तू त्यांना काहीच का बोलली नाहीस? बाबा काय म्हणाले? सुरेखानं गॅसवरचं दूध विनाकारण ढवळलं.

"चूक झाली," ती म्हणाली. "होते चूक."

"म्हणजे माझ्यामुळेच," सानिका म्हणाली. स्वच्छ मराठीत म्हणाली, एकही दुसरा शब्द न मिसळता.

सुरेखानं ते नाकारलं नाही.